आधी निरोप, मग फौज

यासेनिक, १९ मे

तिहोमिर,

पोरगा नीट जेवतो का? सकाळी उठल्या उठल्या त्याच्या घशाखाली काही उतरत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नकोस. दहा वाजले की पातेलं चाटूनपुसून ठेवेल. तुझी बायको ऑस्ट्रियन असली तरी घेवड्याचं कालवण तिला येत असेलच, इतक्या वर्षांत तू शिकवलं असशील. त्यात धुरी दिलेली बरगडी घालायला सांग. नुसत्या घेवड्याला रेल्या तोंड लावत नाही.

मी वेलिबोर, तुझा थोरला भाऊ. बाबा गेल्याची तार केली होती, त्यानंतर थेट आज लिहितोय. देसा तुला फोन करते हे मला ठाऊक आहे. बाईसाहेब कोठारात जाऊन बोलतात आणि समजतात की नवऱ्याला काही कळत नाही. मी मात्र फोन करणार नाही. फोनवर मी ओरडतो. कागदावर ओरडलो तर निदान तुझ्या शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही.

तर झालं असं. यंदा वसंतात टीव्हीवर पुन्हा सांगितलं, की सक्तीची फौज परत येणार. पहिली तुकडी शरदात, अडीच महिन्यांसाठी. गावात दुसरा विषय नव्हता. कॅफेत मास्तर म्हणाला, "अडीच महिन्यांत बंदूक पुसायला तरी शिकतील का ही कार्टी?" मी म्हटलं, "बंदूक राहू दे मास्तर, सकाळी वेळेवर उठायला शिकली तरी देशाचं कल्याण होईल." सगळे खो खो हसले. चारचौघांत मी बरा बोलतो, तुला माहीतच आहे.

रेल्याला नुकतंच एकोणिसावं लागलं. पहिल्या तुकडीत तोच जाणार हे मी धरूनच चाललो. आणि फौजेत जाणाऱ्या पोराला गावजेवण घालून निरोप द्यायचा, हे आपल्याकडे लग्नाइतकंच मोठं. तंबू माझा, बाकं माझी, डुक्कर घरचं. पण शरदात लग्नसराई, तेव्हा तंबू एक दिवस मोकळा सापडत नाही. म्हणून म्हटलं, निरोप मे महिन्यातच उरकू, फौज काय, सवडीनं नेईल. देसा कपाळावर हात मारून म्हणाली, "बोलावणं नाही, कायदा नाही, आणि तू डुक्कर कापायला निघालास? बाजारात तुरी म्हणतात ना, त्यातली गत!" बायका काहीतरी बोलायचंच म्हणून बोलतात, असं मी मनाशी म्हटलं.

समारंभ छान झाला. अख्खं गाव लोटलं होतं. स्रेतेनने अकॉर्डियन वाजवलं. रेल्याने रिवाजाप्रमाणे गोल पावाचा एक घास तोडला, उरलेला पाव देसाने टॉवेलात बांधून दाराच्या वर खिळ्याला टांगला. परत आला की पहिला घास त्या पावाचा खाईल. नंतर थोडी बोलाचाली झाली, घरोघरी होते तशीच. दुसऱ्या दिवशी तो बसने तुझ्याकडे निघून आला.

एवढंच आहे. त्याला सांग की कायदा येतोय, आता परत ये. आणि तू त्याच्या डोक्यात काही भरवू नकोस.

वेलिबोर

यासेनिक, २९ जून

तिहोमिर,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी, त्यातल्या तीन लिंझच्या हवेबद्दल. लहानपणीही तू असाच होतास, मार खाल्लास तरी तोंड उघडायचा नाहीस.

रेल्या तुझ्याबरोबर न्हाणीघरांच्या फरशा बसवायला जातो, हे वाचलं. कोपरे चांगले कापतो म्हणतोस. इथे मी त्याला तंबूचा एक खुंटा सरळ ठोकायला सांगितला तर तो माझ्याकडे असा बघायचा जणू मी त्याची किडनी मागितली. असो. कोपरे कापतो हे ऐकून बरं वाटलं, पण मी देसाला तसं म्हटलं नाही.

आणि तुझ्या मुलाचं देसाने सांगितलं, तेव्हा आधी मला हसूच फुटलं. तू फौजेतून पळालास तो नेमका सक्तीची फौज असलेल्या देशात गेलास! पोराला तिथल्या सरकारने बोलावलंच की. मग देसा म्हणाली, "हसू नकोस. त्याला विचारलं होतं, बंदूक की रुग्णवाहिका? त्याने रुग्णवाहिका घेतली. नऊ महिने म्हाताऱ्यांना जिन्यावरून उतरवत होता." मी म्हटलं, ही कसली फौज? तिने विचारलं, "आणि तुझी कसली होती रे?"

माझी कशी होती ते तुला पाठ आहे, मी दर सणाला सांगायचो. मॅसिडोनियातली छावणी (तेव्हा सगळा देश एकच होता), स्वयंपाकघरातली नेमणूक, हजार माणसांचं कालवण ढवळायला होडीच्या वल्ह्याएवढा डाव. एक स्लोव्हेनियाचा, एक कोसोव्होचा आणि मी, तिघं मिळून कांदे सोलायचो आणि तिघंही रडायचो. ते दोघं मला अजून आठवतात. मला फौजेनं माणूस केलं हे मी म्हणतो ते खोटं नाही, तिहोमिर. यासेनिकबाहेर जग आहे हे मला तिथेच कळलं. रेल्यालाही ते मिळावं, एवढंच माझ्या मनात होतं.

एवढंच होतं असं मी लिहिलं खरं, पण देसा मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, "तंबूचं लिही." बरं, लिहितो. सक्तीची फौज बंद झाली तेव्हा भाड्याच्या तंबूंचा माझा निम्मा धंदा बसला. पूर्वी दर वसंतात आणि दर शरदात निरोपाची जेवणं असायची, एकामागून एक. आता पोरं असतात कुठे? अर्धी जर्मनीत, उरलेली तुझ्याकडे. तेव्हा फौज परत यावी असं मी कॅफेत बोलायचो, त्यात तंबूही होता. पण फक्त तंबू नव्हता, हे तू तरी समजून घे. देसा घेत नाही.

ती म्हणते, "अठरा वर्षं पोरगा तुझ्या घरात होता, तू त्याला अंथरूण आवरायला शिकवलं नाहीस. आता ते सरकारने शिकवायचं?" हिच्या जिभेपुढे कुणाचं काही चालत नाही.

कायदा अजून आलेला नाही. येईल. त्याला निरोप दे.

वेलिबोर

यासेनिक, २४ ऑगस्ट

तिहोमिर,

कायदा पुढे ढकलला. काल रात्रीच्या बातम्यांत सांगितलं, की छावण्या तयार नाहीत, पलंग नाहीत, बघू पुढच्या वर्षी. कॅफेत सगळे माझ्याकडे वळून बघत होते. मास्तर म्हणाला, "वेलिबोर, तुझा पोरगा म्हणजे या देशातला पहिला शिपाई. फौजेआधीच रुजू झाला." मी हसलो. घरी आलो आणि त्या टांगलेल्या पावाखाली उभा राहिलो. मला आत जाववेना.

आता तुला सांगतो. पहिल्या पत्रात मी "थोडी बोलाचाली" लिहिलं. थोडी नव्हती.

त्या दिवशी रेल्या सकाळपासून गप्प होता. मला वाटलं, लाजतोय. स्रेतेनने आधीच मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "वेल्या, मी वाजवतो, पण ते कूचाचं गाणं वाजवणार नाही. त्या एक्क्याण्णव सालच्या लढाईला निघताना मी ज्यांच्यासाठी ते वाजवलं, त्यातले किती माझ्याबरोबर परत आले ते तुला माहीत आहे." त्याच्या गुडघ्यात अजून लोखंड आहे, पाऊस यायचा असला की त्याला आधी कळतं. मी म्हटलं, "स्रेतेन, लढाई नाही रे, अडीच महिन्यांची कवायत आहे." तो म्हणाला, "आम्हालाही कवायतच सांगितली होती." तरी मी ऐकलं नाही. पाहुणे यायला लागले होते.

रेल्याने पावाचा घास तोडला तेव्हा मी पेला घेऊन उठलो. दोन-तीन पेले आधीच पोटात गेलेले. मी बोललो, "या घरातल्या एकाने असाच घास तोडला होता. त्याचा पाव आईने मरेपर्यंत जपला, तो खायला काही आला नाही. माझा पोरगा तसला नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझं नाव मी घेतलं नाही, पण यासेनिकमध्ये कुणाला कळायचं राहिलं?

रेल्या उभा राहिला. टाळ्या थांबेपर्यंत थांबला, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, काकाला निदान कुणीतरी बोलावलं तरी होतं. मला कुणी बोलावलंय? सरकारने नाही, फौजेने नाही. फक्त तू घालवायला निघालास."

मला दुसरं काहीही बोलता आलं असतं. हसून खांद्यावर थाप मारली असती तरी भागलं असतं. पण जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, "मग जा! आणि शिपाई होऊन आल्याशिवाय या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस!"

तुला हे शब्द ओळखीचे वाटतील. बाबांनी तुझ्यासाठी हेच म्हटलं होतं, याच दारात, तू हंगेरीतून पत्र पाठवलंस तेव्हा. मी तेव्हा शेजारी उभा होतो आणि मनात म्हणत होतो, काय हा म्हातारा बोलतोय. तेच शब्द माझ्या तोंडून निघाले, एकही अक्षर न बदलता. देसाच्या हातातलं ताट खाली पडलं.

आणि रेल्या माझाच पोरगा. तो म्हणाला, "ठीक आहे." सकाळी पिशवी घेऊन निघाला. देसाने त्याच्यामागे तांब्याभर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. त्याने मागे वळून बघितलं नाही. आपल्याकडे बघायचं नसतंच.

आता बघ माझी काय अवस्था झाली. फौज येत नाही, म्हणून तो शिपाई होत नाही, म्हणून घरी येत नाही. उन्हाळाभर मी सरकारची वाट बघत होतो, कुणी पावसाची बघावी तशी. आणि फौज आली तरी काय? आला तर सीमेवरून थेट छावणीत, नाही आला तर तुझ्यासारखा फरारी. दोन्हीकडून दार मीच लावून घेतलंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगू?

एक मार्ग सुचलाय. गावासमोर बोललेला शब्द मी कसा गिळू? पण मी बोललो ते उंबऱ्याबद्दल. तंबूला उंबरा नसतो. घरामागच्या कुरणात मी छोटा तंबू ठोकतो. त्याने तिथे यावं. देसा स्वयंपाक करेल, पाव मी खिळ्यावरून काढून तिथे आणीन. शब्दही राहील आणि पोरगाही येईल. तूही ये. तुझ्या पावाचं काय झालं ते माहीत नसेल तुला. आई गेल्यावर मी तो फेकला नाही. माळ्यावर आहे, दगड झालाय, उंदरांनीसुद्धा सोडून दिला.

त्याला विचार. तू चांगल्या शब्दांत विचारशील.

वेलिबोर

यासेनिक, १५ सप्टेंबर

तिहोमिर,

उत्तर मिळालं. तू त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिलेस, त्याबद्दल आभार मानू की शिव्या देऊ ते कळत नाही.

"बाबाला सांग, तंबूत पाहुणे बसतात. मी त्या घरात पाहुणा नाही."

तंबू मी तीन दिवस ठोकून ठेवला होता. देसाने पडदे धुतले होते. पत्र वाचून मी कुरणात गेलो आणि एकटाच तो उतरवायला लागलो. एरवी चार माणसं लागतात. मधला खांब माझ्या अंगावर आला आणि मी कापडाखाली सापडलो. ओरडलो नाही. तसाच पडून राहिलो. आत अंधार होता, वास सगळा लग्नांचा आणि दारूचा, आणि मला वाटलं, आयुष्यभर मी लोकांच्या पोरांना इथून घालवलं आणि एकदाही विचारलं नाही की परत कोण आलं. मग मी रडलो, तिहोमिर. मॅसिडोनियात कांदे सोलताना रडायचो तसं नाही.

देसाने कापडाची कड उचलली आणि म्हणाली, "मेलास की काय?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग ऊठ. ज्या तोंडाने बोललास त्याच तोंडाने परत घे, आणि जिथे बोललास तिथेच घे. मला कोठारात बसून फोनवर पोरगा नको, घरात हवा."

ती आत गेली. माझ्यासाठी काही वाढून ठेवलं नव्हतं.

वे.

यासेनिक, १२ ऑक्टोबर

प्रिय तिहोमिर,

गेल्या रविवारी गावात सभा झाली. सक्तीची फौज परत आणा, आता टाळाटाळ पुरे, अशी सभा. तालुक्याहून माणसं आली होती. तंबू अर्थातच माझा. आणि बोलायला पहिला मी, दरवर्षीसारखाच. कॅफेत जो गर्जतो त्यालाच माईक देतात.

स्रेतेन पहिल्या बाकावर पाय लांब करून बसला होता. मास्तर होता. देसा मागे उभी होती, हातांची घडी घालून.

मी काय बोलणार हे पाठ करून गेलो होतो आणि ते सगळं विसरलो. म्हणालो, "मी इथे बोलायचो की फौज परत आणा. आणावी की न आणावी, ते आता मला खरंच कळत नाही. माझी फौज कांदे सोलण्यात गेली आणि माझ्या भावाची, तिहोमिरची, लढाईत. मी माझ्या कांद्यांवरून त्याला भित्रा ठरवलं. ती फौज एकच नव्हती. हे कळायला मला इतकी वर्षं लागली, आणि कळलं तेही पोरगा गेल्यावर." मग म्हणालो, "मे महिन्यात याच तंबूत, याच माणसांसमोर, मी माझ्या रेल्याला म्हटलं की शिपाई झाल्याशिवाय उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. तो शब्द मी परत घेतो. तुमच्यासमोर दिला होता, तुमच्यासमोर घेतो. आणि माझ्या बापाने तिहोमिरसाठी दिलेला शब्दही घेतो. तो माझा नव्हता, पण बाप आता घेऊ शकत नाही."

तालुक्याच्या माणसाने घाईघाईने माईक काढून घेतला. कुणीतरी मागून ओरडलं, "वेल्या, आधी निरोप, आता माफी, लग्नाआधी बारसंही करशील!" लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. स्रेतेन हसला नाही. तो उठला, लंगडत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तिहोमिरचा पत्ता दे. त्याला मला एक पत्र लिहायचंय. आम्ही एकाच तुकडीत होतो, हे तू कधी विचारलंच नाहीस." मला माहीतच नव्हतं. मी पत्ता दिलाय. तो लिहील तेव्हा वाच.

सोमवारी सकाळी मी पहार घेतली. आपला उंबरा ओकाचा, आजोबांनी बसवलेला. मधे इतका झिजलेला की त्यात पाणी साठायचं, तू लहानपणी तिथे बसून कागदी होड्या सोडायचास. म्हटलं, शब्द परत घेतला तरी लाकूड आहेच, ते बघून रेल्याला शब्दच आठवायचा. उपटला. अर्धा दिवस गेला. देसा म्हणाली, "हे काही मी सांगितलं नव्हतं," पण पहारीचं दुसरं टोक तिनेच धरलं.

आता दाराखाली वीतभर फट आहे. वारा सरळ आत येतो, शेजाऱ्याची कोंबडी येते. काल बेडूक आला होता. दोन्ही पाव मी शेजारी शेजारी टांगलेत, रेल्याचा आणि तुझा. तुझा खाता येणार नाही. कालवणात भिजवून बघू, दात नसले तरी चालेल.

रेल्याला हे पत्र वाचून दाखव. "ये" असं मी लिहीत नाही. त्याला मी एकदा न विचारता पाठवलं, आता न विचारता बोलावणार नाही. फक्त सांग, की बाबा विचारतोय.

रात्री थंडी पडायला लागलीय. देसा विचारते, हिवाळ्यात त्या फटीचं काय करणार आहेस? मी म्हटलं, फळी कापून ठेवलीय, पण ठोकत नाही. बघू, आधी कोण येतं, थंडी की तुम्ही.

तुझा भाऊ,
वेलिबोर